घाट इटलीतला, धाप जुरोंग ईस्टला

या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे. दुपारी सगळं आवरलं की फोन घेऊन बसायची सवय लागली. खरं सांगते, वाचून हसू यायचं. आमच्या गावात अंगात येणाऱ्या एका बाईला मी भर देवळात म्हटलं होतं, "मावशी, पाणी प्या आणि घरी जा." करणी, भानामती, बाहेरची बाधा... यातलं काही मी कधी धरलं नाही. आता धरते का, तेही नक्की सांगता येणार नाही. पण जे डोळ्यांसमोर झालं ते कुठेतरी सांगायला हवं. ज्या घरात झालं त्याच घरात मी राहते, म्हणून घरात बोलता येत नाही. शिक्षण सातवीपर्यंतच झालंय, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत.

मी सिंगापूरला घरकामाला आहे. घर मराठीच. जुरोंग ईस्टला, कॉन्डोत, चौदाव्या मजल्यावर. बाल्कनीतून MRT, म्हणजे इथली मेट्रो, येताना-जाताना दिसते. अमोलदादा तांजोंग पगारला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वहिनींचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिल्याच दिवशी "साहेब नको, दादा म्हण" हे त्यांनीच सांगितलं. माझा नवरा गेल्यावर मला इथे कुणी आणलं तर त्यांनी. मुलगी साताऱ्याला नर्सिंग शिकते ती त्यांच्यामुळे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना काय म्हणाल ते मला माहीत आहे, आणि मला तसं म्हणता येत नाही.

मला आणलं होतं तात्यांसाठी. तात्या म्हणजे दादांचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याच तालुक्यातले. चाळीस वर्षं पोस्टमन होते. सायकलवर टपालाची पिशवी टाकून सात गावं करायचे, त्यात एक घाटही होता. आता गुडघे गेलेले. घरातल्या घरात काठी धरून चालायचे. पण तोंड तरतरीत.

दादांना सायकलचं वेड. दर वर्षी तीन आठवडे सुट्टी काढून युरोपात जायचं, सगळं सामान सायकलवर लादायचं आणि एका देशातून दुसऱ्या देशात पायडल मारत जायचं. त्या वर्षी जर्मनीतून निघून ऑस्ट्रिया, आणि शेवटी इटलीतला एक घाट. अठ्ठेचाळीस वळणांचा. प्रत्येक वळणावर नंबराची पाटी, खाली अठ्ठेचाळीस आणि वर एक. त्या घाटासाठी दादा तीन वर्षं थांबले होते. एकदा ऑफिसमुळे राहिलं, एकदा पाठ धरली.

निघायच्या आदल्या दिवशी हॉलभर पसारा. तंबू, छोटा स्टोव्ह, जादा ट्यूबा, चेनचं तेल, आणि कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या पाणी न शिरणाऱ्या बॅगा. दादा एकेक बॅग हातातल्या काट्याला लटकवून वजन बघत होते आणि अर्धा टूथब्रश कापून टाकत होते, तेवढंच वजन कमी म्हणून.

तात्या खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "मी पगार घेऊन पायडल मारायचो. हा पैसे देऊन मारतो."

"तात्या, तुम्हाला कळायचं नाही ते," दादा हसत म्हणाले.

"नाहीच कळत. मला तर उतारच आवडायचा."

त्या दिवशी गावाकडे खांदमळणी होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळतात, वर्षभर जू ओढून आलेला शीण उतरावा म्हणून. तात्यांना कॅलेंडर बघून आठवलं. मला म्हणाले, "मंगल, वाटीत तेल कोमट कर, हळद टाक. घरात एकच बैल आहे, तोही उद्या चाललाय."

दादांना बाल्कनीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि तात्यांनी त्यांच्या पोटऱ्या मळल्या. चांगला अर्धा तास. वहिनी व्हिडिओ काढत होत्या. सगळे हसत होते. तात्यांचे हात मात्र हसण्यावारी नव्हते, नीट नस धरून मळत होते.

आता माझी चूक. वाटीत तेल उरलं. तात्यांचे गुडघे त्या दिवशी ठणकत होते. कोमट तेल, टाकायचं कशाला – मी ते त्यांच्या गुडघ्यांना आणि पोटऱ्यांना चोळलं. आमच्या सासूबाई खांदमळणीचं उरलेलं तेल बांधावरच्या झाडाच्या बुडात ओतायच्या. "बैलाचा शीण उतरलेला असतो त्यात, माणसाच्या अंगाला लावायचं नाही." हे मला आठवलं ते नंतर, फार नंतर. आणि आठवलं असतं तरी चौदाव्या मजल्यावर झाड कुठून आणणार होते.

दादा गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तात्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मंगल, पाय भरून आले बघ." मी दाबायला घेतले. पोटऱ्या लाकडासारख्या. संध्याकाळी त्यांनी सहा चपात्या खाल्ल्या. एरवी दीड खात. रात्री झोपले ते घोरतच.

दुसऱ्या दिवशी परत तीनला. तिसऱ्या दिवशी परत. तळहात बधिर झाले, म्हणाले मुंग्या येतात. मऊ गादीच्या खुर्चीत बसणारा माणूस, पण बसायच्या जागी दोन्ही बाजूंना लाल फोड आले. आंघोळ घालताना बघितले तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, अंग नीट पुसलं नसेल. भीतीनं वहिनींना सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी दादांचा व्हिडिओ कॉल यायचा. नदीकाठचा रस्ता, चर्च, गायी, ब्रेडच्या दुकानाबाहेर उभी केलेली सायकल. दादा खूश. "काय झालंय या वर्षी कळत नाही. ऐंशी किलोमीटर झाले तरी पाय भरतच नाहीत. रात्री तंबूत पडतो तर झोप येत नाही, दमलेलोच नसतो."

"ट्रेनिंग चांगलं केलंस म्हणून," वहिनी म्हणाल्या.

तात्या फक्त स्क्रीनकडे बघत राहिले.

मग एक दिवस तात्यांना काहीच झालं नाही. तीन वाजले, चार वाजले, पाय मऊ. दुपारभर पेपर वाचत बसले. रात्री वहिनी म्हणाल्या, "आज अमोलचा रेस्ट डे होता, स्पोक तुटलाय, दुकानात दिलीये सायकल." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी विचारलं, "वहिनी, दादा रोज सकाळी किती वाजता निघतात?"

"नऊला वगैरे. का गं?"

तिकडचे नऊ म्हणजे इथले दुपारचे तीन.

दुसऱ्या दिवशी पाय दाबता दाबता मी तात्यांना विचारलं. वाटलं होतं हसतील.

"तुला आत्ता कळलं होय," ते म्हणाले. "चाळीस वर्षं सायकल मारली मी. सपाट कुठलं, चढ कुठला, मला कळत नाही का? आज सकाळपासून, म्हणजे तिकडच्या सकाळपासून, वारा समोरून आहे त्याला."

"दादांना सांगू या तात्या."

"खबरदार. सांगितलंस तर सगळं सोडून परत येईल तो. तीन वर्षं वाट बघितलीय त्यानं." थोडं थांबून म्हणाले, "माझ्या पायांना तरी दुसरं काय काम आहे?"

मी गप्प बसले. त्यांचं ऐकलं असं म्हणते मी, पण भीतीही होतीच... कोणत्या तोंडानं सांगणार होते?

पण दोन दिवसांनी लघवी काळसर व्हायला लागली, तेव्हा वहिनींना न विचारता मी तात्यांना टॅक्सीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, चायनीज. रिपोर्ट बघून माझ्याकडे बघत राहिला. "Auntie, you make him exercise, ah? His muscle like he run marathon." मी नाही नाही म्हणत राहिले. त्यानं वहिनींना फोन लावला.

वहिनी संध्याकाळी आल्या त्या हॉलच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघूनच. त्यात काय असणार? मी रोज तीन वाजता तात्यांचे पाय दाबते आहे, एवढंच.

"इतक्या जोरात दाबतात का म्हाताऱ्या माणसाला? डॉक्टर काय म्हणाला माहितीये? कोणी त्रास देतंय का, असं विचारलं त्यानं मला."

मी सगळं सांगितलं. दादांचे नऊ, इथले तीन, रेस्ट डे, सगळं.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "मंगल, तू दुपारी ते फोनवर काय काय वाचत असतेस ना, ते बंद कर आधी. आणि परत मला विचारल्याशिवाय त्यांना कुठे न्यायचं नाही. तुझं कामाचं परमिट माझ्या सहीवर आहे. मला काही करायला लावू नकोस."

तात्या आतून म्हणाले, "सूनबाई, तिला बोलू नका. माझंच वय झालंय." बाकी काही सांगितलं नाही त्यांनी.

आणि चार दिवसांनी घाटाचा दिवस आला.

दादा त्या दिवशी लवकर निघाले, तिकडच्या सातला. म्हणजे इथले एक. तात्या जेवत होते, ताटावरच हात थांबला. मी त्यांना पलंगावर निजवलं. वहिनींनी हॉलमध्ये टॅब ठेवला होता, त्यावर नकाशा आणि दादांचा निळा ठिपका. ठिपका एक वळण घ्यायचा आणि आत तात्या कण्हायचे. दोन वाजता त्यांचा बनियन पिळून निघाला. तीन वाजता दोन्ही पाय आपोआप आखडून पोटाशी यायला लागले. मी मिठाचं पाणी पाजत होते, चमच्यानं.

"कुठवर आला?" दर थोड्या वेळानं तेच.

"अर्ध्यावर, तात्या."

"मोठा आहे घाट. आमचा काहीच नव्हता याच्यापुढे."

सव्वाचारला मला राहवलं नाही. तात्यांनी बजावलेलं मोडलं आणि मी दादांना व्हिडिओ कॉल लावला.

ते एका वळणावर दगडी कठड्याला सायकल टेकवून उभे होते. मागे बर्फाचा डोंगर, शेजारी पाटी – बावीस. कपाळावर घामाचा थेंब नाही. मी फोन तात्यांकडे वळवला.

दादा आधी म्हणाले, "काय झालं? वहिनी कुठेय?" मग मी सगळं सांगितलं, रडत रडत. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांना स्वतःचे पाय माहीत होते ना... सोळा दिवस ते नवल करत होते.

"मंगल, फोन त्यांच्या छातीजवळ धर."

त्यांनी त्यांचा फोन सायकलच्या हँडलवर लावला. मला खालून त्यांची हनुवटी आणि आभाळ दिसत होतं. ते निघाले. इकडे तात्यांची छाती भात्यासारखी हलायला लागली. ते थांबले. मिनिटभरानं धाप जरा कमी झाली. परत निघाले. परत धाप. तिसऱ्यांदा ते सीटवरून उठून उभ्यानं जोर लावून चढले. तात्या "आई गं" म्हणून ओरडले आणि त्यांचा एक पाय काठी मोडल्यासारखा वाकडा झाला.

दादा थांबले. पाटी एकवीस.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, दादा."

 मग त्यांनी वर बघितलं. मला रस्ता दिसत नव्हता, पण ते वरच बघत होते, खाली नाही.

"दादा, खाली उतरा. उतरायला पायडल मारावं लागत नाही."

"वीसच राहिलीत, मंगल."

"दादा, पाया पडते."

"मी हळू चढतो. एकदम हळू. थांबत थांबत. तू पाणी देत राहा त्यांना. आणि हे वहिनीला नको सांगूस, ती घाबरेल."

कॉल बंद झाला. फोन तात्यांच्या छातीशीच होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. सोळा दिवस हा माणूस धरून बसला होता, कळलं तर सगळं सोडून येईल तो.

तात्यांनी माझा हात धरला. धाप लागत होती तरी म्हणाले, "बघ... हळू चढतो म्हणाला."

खरं सांगायचं तर ते हळू चढलेच. ठिपका मुंगीसारखा सरकत होता. पण त्यानं काय होतं? तेवढाच चढ, फक्त वेळ जास्त.

मी वहिनींना फोन लावला, मीटिंगमध्ये होत्या. मेसेज केला. पाच वाजता त्यांचा फोन आला, "साखरेचा चहा दे, मी निघतेय." चांगीहून यायला सव्वा तास. मी अँब्युलन्सला फोन करायला हवा होता, तेव्हाच, सव्वाचारलाच. फोन हातातच होता. नंबर पाठ होता. पण त्या डॉक्टरची नजर आठवत होती, आणि परमिट. साताऱ्याची पोरगी आठवत होती. तात्यांचे ओठ निळे पडल्यावर मग केला. सव्वापाचला. तासभर मी नुसती पाय चोळत बसले होते. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहिते आहे.

अँब्युलन्स दहा मिनिटांत आली. दोन मुलं होती, फार चांगली. एकानं तात्यांच्या पोटरीला हात लावला आणि दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. गाडीत तात्यांना मास्क लावला होता. मास्कच्या आतून ते मला विचारत होते, ओठांवरून कळत होतं. कुठवर आला? टॅब घरी राहिला होता. मी सांगितलं, "पोचले तात्या. वर पोचले." त्यांनी डोळे मिटले, पण पाय काही थांबले नाहीत. चादरीखाली हलतच होते, एकामागून एक.

हॉस्पिटलच्या दारात, पाच पन्नासला, ते थांबले.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. वय, हृदय, किडनी. वहिनी मला धरून रडल्या, आणि म्हणाल्या, "तू होतीस म्हणून." दादा दोन दिवसांनी आले. खोक्यात सायकल होती, ती तशीच बाल्कनीत गेली. दिवस इथेच केले. लोक यायचे आणि म्हणायचे, शेवटपर्यंत तुम्ही सेवा केलीत हो त्यांची, नाहीतर आजकाल कोण करतं. दादा मान हलवायचे.

मला वाटलं होतं, तात्या नाहीत तर आता मला परत पाठवतील. नाही पाठवलं. परमिट वाढवलं. का वाढवलं, मी विचारलं नाही. मुलीचं शेवटचं वर्ष आहे.

मी खूप विचार केला. ते तेल म्हणावं तर अशी किती घरं असतील जिथे बापानं मुलाचे पाय चोळले असतील. योगायोग म्हणावं तर सोळा दिवस रोज घड्याळ लावून कोणता योगायोग येतो? मुलीला नावं न सांगता विचारलं, ती म्हणाली असं शरीरात होऊच शकत नाही. तिचं पुस्तक खरं असेल. पण तात्यांच्या पोटऱ्या मी या हातांनी दाबल्या आहेत. इथे कुणी जाणकार असेल तर सांगा, मला याचं कारण आजही माहीत नाही.

एक राहिलं. दिवस झाल्यावर एका दुपारी दादा ऑफिसला गेले नव्हते. स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. वहिनी घरी नव्हत्या. मी चपात्या लाटत होते.

म्हणाले, "मला फोन यायच्या आधी कळलं होतं."

मी लाटणं थांबवलं.

"तीन नंबरच्या पाटीजवळ. एकदम पाय भरून आले. शिसं ओतल्यासारखे. श्वास पुरेना. सोळा दिवसांत पहिल्यांदा. सायकलवरून पडलोच मी. वेळ बघितली, बारा वाजायला दहा कमी."

तिकडचे बारा वाजायला दहा कमी म्हणजे इथले पाच पन्नास.

"मग, दादा?"

"मग काय. तिथेच बसून रडलो. एक जर्मन बाई थांबली, तिनं पाणी दिलं."

"आणि मग खाली उतरलात."

ते ओट्याकडे बघत राहिले. तव्यावरची चपाती करपायला लागली होती.

"नाही," ते म्हणाले. "ढकलत वर नेली. तीनच राहिली होती गं."

मी चपाती उलटली. त्यांना पानावर बसायला सांगितलं आणि वाढलं.